२२ × ४० फुटांचं परडं आणि बारा झाडांची यादी: कुठली ठेवायची, कुठली गाळायची?

परडं_अनगोळ (प्रश्न)

बेळगावात ४० × ६० ची साईट आहे. घर तळमजला अधिक एक, गच्चीच्या कठड्यासह उंची २२ फूट. मागं उत्तरेला परडं: घरापासून मागच्या भिंतीपर्यंत २२ फूट, पूर्व-पश्चिम ४० फूट. वर दीड-दोन फूट तांबडी माती, त्याखाली जांभ्याचा कठीण थर. पाणी बोअरचं. न्हाणीघराचं पाणी परड्याच्या पश्चिम टोकाला येतं. सेप्टिक टाकी पश्चिमेच्या गल्लीत आहे, परड्यात नाही.

घरच्यांची यादी: हापूस, फणस, नारळ, चिकू, पेरू, कागदी लिंबू, सीताफळ, डाळिंब, अंजीर, आवळा, केळी, पपई.

सगळी बसणार नाहीत एवढं कळतंय. नेमकी कुठली ठेवायची, किती अंतरावर, आणि लावायची कधी? कपडे वाळत घालायला दोरीपुरती जागा राहिली पाहिजे. कारणासकट सांगा, म्हणजे घरात पटवता येईल.

---

तांबडी_माती

यादी बाजूला ठेवा आणि आधी दोन गोष्टी मोजा: डिसेंबरातली घराची सावली, आणि जमिनीत पाणी किती वेळ उभं राहतं. कुठलं झाड कुठं आणि कसं लावायचं ते त्यावर ठरतं.

सावली. बेळगाव पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. म्हणजे घराच्या उंचीच्या साधारण आठ-दशांश लांबीची सावली उत्तरेला पडते. २२ फुटांच्या घराची १८ फूट. तुमचं परडंच २२ फुटांचं! पण झाड काही जमिनीवर आडवं पडून राहत नाही. घरापासून १० फुटांवर सावलीची वरची कड पावणेदहा फुटांवर असते, १५ फुटांवर ती साडेतीन-पावणेचार फुटांवर येते. त्यामुळं १५ फुटांवरच्या झाडाच्या घेराला दुपारचं ऊन मिळतं, ७ फुटांवरच्याला थंडीत जवळजवळ मिळतच नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उत्तरेकडून जातो आणि परडं उघडं पडतं, पण त्यातले जून-जुलै ढगातच जातात.

आंब्याला मोहोर येतो डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हाच ऊन नसेल तर पानं हिरवीगार आणि मोहोर शून्य. म्हणून आंबा, पेरू, लिंबू मागच्या भिंतीकडं सरकवा. घराजवळच्या पट्ट्यात असं झाड हवं ज्याला थंडीतल्या सावलीचं काही वाटत नाही. ते म्हणजे सीताफळ: थंडीत पानगळ होऊन तसंही झोपलेलं असतं.

पाणी. १ × १ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा काढा. काठोकाठ भरा, जिरू द्या. मग फूटभर पाणी भरून काठी उभी करा आणि खूण करा. १२ तासांत गेलं तर उत्तम. २४ तासांनी अर्ध्याहून जास्त उरलं तर खालचा जांभा पातेल्याचं काम करतोय असं समजा, आणि जुलैत तर आजूबाजूचंही पाणी त्याच खड्ड्यात येणार. बेळगावात कलमं मरतात ती उन्हाळ्यात कमी आणि आषाढात जास्त. पानं मलूल दिसतात, माणूस आणखी पाणी घालतो, आणि खाली मूळ कुजलेलं असतं.

आता गाळणी.

फणस: २५-३० फुटांचा घेर, मुळं भिंतीचा पाया शोधणार. नको. नारळ: दोन झाडांत २५ फूट अंतर लागणारं झाड, झावळी आणि नारळ शेजाऱ्याच्या पत्र्यावर. नको. चिकू: सावकाश वाढतो म्हणून लहान वाटतो, पंधरा वर्षांनी २५ फूट पसरून खाली गवतही उगवू देत नाही. छाटून लहान ठेवता येतो, पण पेरूसारखी छाटणीनंतर भरभरून फळं देणारा तो नव्हे. डाळिंब: पावसाळी दमट हवेत तेल्या, आणि फळ तडकणं. बेळगाव शहराच्या पावसात त्याचा नाद नको. अंजीर: पावसात पानांवर तांबेरा येऊन झाड उघडं पडतं. हौसच असेल तर मोठ्या पिंपात, पत्र्याच्या कडेला. आवळा: एकटा असला तर फळ धरत नाही म्हटलं तरी चालेल, स्वतःच्या परागानं त्याचं नीट भागत नाही. दोन वेगळ्या जाती लावाव्या लागतात, उदाहरणार्थ कृष्णा आणि नरेंद्र-७. तेवढी जागा नाही.

उरले आंबा, पेरू, लिंबू, सीताफळ, केळी, पपई. पूर्वेच्या भिंतीपासून आणि घरापासून मोजून जागा अशा:

आंबा: पूर्वेपासून ८ फूट, घरापासून १५ फूट.
पेरू: पूर्वेपासून २१, घरापासून १४.
लिंबू: पूर्वेपासून ३२, घरापासून १४.
सीताफळ: पूर्वेपासून १५, घरापासून ७.
केळीचे दोन बुंधे न्हाणीच्या पाण्यावर, पश्चिम टोकाला.
पपई दोन, मागच्या भिंतीकडं आंबा-पेरू आणि पेरू-लिंबू यांच्या मधल्या फटीत. पपई दोन-अडीच वर्षांचं पीक. मोठ्या झाडांचा घेर भिडायच्या आत ती संपलेली असते.

दोरी घराच्या बाजूला, सीताफळाच्या पश्चिमेला बांधा. बारा-पंधरा फूट सहज मिळेल.

आंब्यात हापूस नको, आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलमचा संकर, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा. बुटकी, दरवर्षी धरणारी, अडीच मीटरवर सुद्धा लावतात.

---

आढी

बाकी सगळं मान्य, आम्रपालीवर मात्र थांबा ओ.

आम्रपाली उशिरा तयार होते. सपाटीवर उशिरा, तर अडीच हजार फुटांवरच्या बेळगावात आणखी उशिरा. मृगाचा पाऊस सुरू झाला तरी फळं झाडावरच. मग फळमाशी आणि करपा दोन्ही एकदम. डोळ्यांना झाड भरलेलं दिसतं, घरात मात्र निम्मी फळं अळीची. शिवाय फळ लहान. बुटकेपणा सोडला तर आपल्या भागात तिची बाजू कमकुवत आहे.

रत्ना बघा. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं १९८१ मध्ये दिलेला. साका (आतला गर खराब होणं) होत नाही, वर्षाआड रुसत नाही, झाड हापूसपेक्षा आटोपशीर. चव हापूसच्या घरातली. गर घट्ट, रेषा नाहीत. केशरही चालेल, पण वाढ जोमदार, दरवर्षी कात्री चालवायची तयारी पाहिजे.

हापूसबद्दल घरात वाद होणारच, तर तीन मुद्दे सांगा. एक, वर्षाआड धरतो, आणि एकच झाड असेल तर ते एक वर्ष पूर्ण रिकामं. दोन, साका: फळ पिकायच्या दिवसांत जमिनीवरून परतणाऱ्या झळेनं आतला गर पांढरट आंबट राहतो, बाहेरून ओळखू येत नाही. तीन, त्याला मोकळ्यावर वाढू दिलं तर ३० फूट जातो.

झाड लहान ठेवायचं तर पहिल्या दोन वर्षांतच ठेवा. कलम अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा कापा. खाली फुटणाऱ्या फांद्यांतल्या चारही दिशांच्या तीन-चार ठेवा, बाकीच्या काढा. त्या दीड-दोन फूट झाल्या की पुन्हा शेंडे खुडा. मोठं झाल्यावर दरवर्षी शेवटचा आंबा उतरवल्यापासून पंधरा दिवसांत छाटणी: मधली उभी फांदी काढून पोट उघडं करायचं, उंची ९-१० फुटांवर. ऑगस्टनंतर कात्री लावू नका. मोहोर येतो तो जुन झालेल्या काडीला. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापलंत की नवी पालवी निघते, ती डिसेंबरपर्यंत जुन होत नाही, आणि त्या वर्षी आंबे बाजारातूनच.

वळीव हा आपला खरा शत्रू. एप्रिल-मेच्या वादळात गोट्या गळतात. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं की वर्तमानपत्राची पिशवी चढवा. फळमाशीही टळते, करपाही. झाडावर पिकायची वाट बघू नका. देठाजवळचे खांदे भरून वर आले, देठाशी थोडा खळगा पडला की देठाच्या बोटभर तुकड्यासकट उतरवा आणि भाताच्या पेंढ्यात आढी लावा.

भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मोहोर निघताना, फुलं उमलायच्या आधी, पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम. फुलं उमलल्यावर फवारणी बंद. आंब्याचं परागीभवन माश्या आणि कीटकच करतात, त्यांनाच मारलंत तर मोहोर नुसता शोभेचा.

---

परडं_अनगोळ

खड्डा काढून बघितला. दोन फुटांवर जांभा लागला. दुसऱ्यांदा भरलेल्या १२ इंच पाण्यातलं २४ तासांनी ९ इंच तसंच. आता काय? आणि सगळीकडं सांगतात तेच बरोबर ना, मोठा ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा काढून चांगली माती भरायची?

---

टिकाव

नुसता मोठा खड्डा काढून चांगली माती भरलीत तर जांभ्यात हौद बांधल्यासारखं होईल. आजूबाजूची माती आवळ, खड्ड्यातली भुसभुशीत. पाऊस आला की सगळं पाणी भुसभुशीत जागेत धावणार आणि तळातून जायला वाट नाही. तुमच्या जमिनीत खोल जाण्यापेक्षा वर या.

असं करा. एप्रिल-मे मध्ये, जमीन कोरडी असताना, ३ फूट रुंद आणि फक्त दोन फूट खोल, म्हणजे जांभा लागेपर्यंत खणा. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. तळात मधोमध पहारीनं किंवा ड्रिलनं ३-४ इंच रुंदीची दोन भोकं पाडा, जांभ्याचा कठीण पापुद्रा फुटून खालचा मऊ थर लागेपर्यंत. बऱ्याच ठिकाणी तो कठीण थर एक-दीड फुटाचाच असतो. भोकांत गिट्टी भरा, माती नव्हे. मग त्यात पाणी ओतून बघा. फुटलं असेल तर पाणी खाली जाताना दिसतं. नाहीच फुटलं तर तळाला मागच्या भिंतीकडं उताराची चर काढून गिट्टी भरा, म्हणजे पाण्याला बाजूची वाट मिळेल. खड्डा १५-२० दिवस उन्हात तापू द्या.

भरताना: वरची माती, १५-२० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो निंबोळी पेंड, सगळं आधी बाहेर कालवून घ्या. सुपर फॉस्फेट शेणखतातच मिसळायचं. तांबड्या मातीतलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि मुळाला देत नाहीत. शेणखतात मिसळलं की ते कमी होतं. कच्चं शेण अजिबात नको. त्यात हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात, आणि कुजताना उष्णता निघते ती वेगळीच. चांगलं कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा येतो.

खड्डा भरून त्याच्यावर दीड फूट उंच, ५-६ फूट रुंदीचा उंचवटा करा. पहिल्या पावसात तो पाव भाग बसतो, म्हणून आधीच जास्त घ्या. कलम त्या उंचवट्यावर.

लावायचं कधी? बेळगाव शहरात मृगाचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती ओली झाली की, म्हणजे जूनचा मध्य. ते चुकलं तर जुलैच्या झडीत लावूच नका. सरळ ऑगस्टअखेर-सप्टेंबर, मघा-पूर्वाच्या सुमाराला. पाऊस उतरणीला, ऊन येऊन-जाऊन, आणि थंडीच्या आधी दोन महिने मूळ धरायला मिळतात. पाणी साचणाऱ्या जागेत मला तर सप्टेंबरच बरा वाटतो.

लावताना चुका होतात त्या या:

पिशवी कापली की मुळांचा गोळा बघा. तळाशी मुळं गोल-गोल वेटोळं घालून बसली असतील तर तेवढा तळाचा इंचभर भाग सुरीनं काढून टाका. नाहीतर झाड मोठं झाल्यावर तेच वेटोळं स्वतःला आवळतं. कलमाचा जोड जमिनीच्या वर ४ ते ६ इंच राहिला पाहिजे. मातीत गेला तर तिथून कुज सुरू होते. जोडाला गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी काढा. ही सगळ्यात जास्त विसरली जाते. वर्षभरानं बुंध्याला कंबर पडते आणि वाऱ्यात तिथंच मोडतो. जोडाखालून फूट आली की हातानं खुडा. ती खुंटाची, म्हणजे गावठी आंब्याची. वाढू दिलीत तर दोन वर्षांत वरचं रत्ना मरून खालचा गावठी राज्य करतो.

बांबूची काठी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला. सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा सैल फास. पाणी नोव्हेंबर ते मे तिसऱ्या दिवशी ८-१० लिटर, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा १५-२०. पालापाचोळ्याचं आच्छादन ३-४ इंच, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. पावसाळ्यात आळं मोडून टाका आणि बुंध्याशी मातीचा चढ करा, पाणी बाहेर पळालं पाहिजे.

कलम घेताना पाच फुटी झाडाच्या मागं लागू नका. लहान पिशवीत दोन-तीन वर्षं कोंबलेलं उंच झाड म्हणजे वेटोळ्या मुळांचा नमुना. दीड-दोन फुटांचं, वर्षाचं, जोड भरलेलं, बुंधा बोटाएवढा, निदान दोन पालव्या आलेलं कलम घ्या. फुलं-फळं लागलेलं दाखवतात ते घेऊ नका, आणि घेतलंच तर फळं तिथंच तोडा. आंबा कलमावरच, पेरू गुटी कलम, चिकू घेणारे असतील तर खिरणीच्या खुंटावरचा. तोटगारिके इलाख्याच्या (कर्नाटकच्या फलोत्पादन खात्याच्या) नर्सरीत किंवा अरभावीच्या कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालयात जातिवंत कलमांची चौकशी करा. रस्त्याकडेच्या गाड्यावर सगळेच आंबे हापूस असतात.

---

अथणी_काळी

हे सगळं तांबड्या मातीचं झालं. बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या रानात वेगळं आहे, वाचणाऱ्यांनी डोळे झाकून करू नये.

पाऊस शहराच्या निम्म्याहून कमी, माती खोल आणि चुनखडीची. इथं सीताफळ, बोर, पेरू, आवळा, चिकू बरे. बाळानगर सीताफळाला ही हवा मानवते, बेळगावच्या पावसात त्याची फळं काळी पडतात. आंबा आणि लिंबू चुनखडीत पिवळे पडतात: कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. ते पाणी कमी पडल्यानं नसतं, चुन्यामुळं लोह मुळाला मिळत नाही म्हणून. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, कोवळ्या पालवीवर सकाळी लवकर, पंधरा दिवसांनी पुन्हा. तात्पुरता इलाज आहे. मूळ उपाय म्हणजे चुनखडी उथळ असेल तिथं ती झाडं न लावणं.

कालव्याच्या पट्ट्यात उसाचं पाणी देऊन जमीन क्षारपड झाली असेल तर चिकू, बोर, आवळा, नारळ हेच तग धरतात. शहरात चिकू गाळला ते ठीक, पण आमच्याकडं दहा गुंठ्यांच्या मळ्यात घराशेजारी चिकूच पहिला. डाळिंब खोल काळ्यात नको, मुरमाड माळावर लावा.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. आच्छादन इथं हौस म्हणून करायचं नसतं, त्याच्याशिवाय कलम उन्हाळा काढत नाही.

---

जांबोटी_रस्ता

खानापूर-जांबोटीच्या बाजूला कुणी असेल तर यादीत कोकम घाला. थोडी सावली, दमट हवा, तांबडी माती, सगळं त्याच्या मनासारखं. फक्त बीपासूनचं रोप घेऊ नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी, निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. दापोली विद्यापीठाची कोकण अमृता जात कलमावर मिळते. फणसही इकडं चालतो, पण परड्यात नव्हे, बांधावर.

आमच्या पावसात कागदी लिंबाचं काही खरं नाही. खैऱ्यानं फळ आणि पान दोन्ही खरजेलेलं.

---

तांबडी_माती

लिंबाचा मुद्दा बरोबर. शहरातही खैऱ्या येतोच. राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात त्याला बरीच सहनशील आहे, तीच घ्या. खैऱ्या पसरतो पावसाच्या थेंबांनी आणि शिरतो जखमेतून. ती जखम करते नागअळी, कोवळ्या पानावर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेघा काढणारी. म्हणून नव्या पालवीवर ५ टक्के निंबोळी अर्क, आणि जूनच्या सुरुवातीला व पावसात उघडीप मिळेल तेव्हा महिन्याच्या अंतरानं कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला ३० ग्रॅम. वाळक्या, खरजेल्या काड्या कोरड्या दिवसांत काढायच्या, पावसात कात्री नको. लिंबाच्या बुंध्याशी पाणी उभं राहिलं की डिंक गळायला लागतो, त्याच्यासाठी तर उंचवटा हवाच.

पेरूची गंमत बहारात आहे. सरदार, म्हणजेच पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला लखनौ-४९, इथं चांगला. पण वर्षभर थोडी-थोडी फळं घेत बसलात तर सगळीच बेचव. फेब्रुवारी-मार्चची फुलं खुडून टाका. त्यांची फळं जुलै-ऑगस्टात येतात, पाणचट आणि अळ्यांनी भरलेली. मेमध्ये गेल्या वर्षीच्या काड्या तिसरा हिस्सा कापा. पेरूला फूल येतं ते नव्या फुटीवर, त्यामुळं कापायला भिऊ नका. जून-जुलैत फूल, नोव्हेंबर ते जानेवारीत फळ. थंडी, कोरडी हवा, फळमाशी कमी, गोडी जास्त. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी. फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचा (वासानं माशी ओढणाऱ्या रसायनाचा) एक सापळा परड्याला पुरतो, पण तो नरच पकडतो, एकट्यावर विसंबू नका. पडलेली फळं कंपोस्टात न टाकता घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवा, नाहीतर दीड-दोन फूट खोल पुरा. वरवर पुरलीत तर अळी मातीत कोश करून पुन्हा माशी होऊन हजर.

केळीत राजापुरी घ्या, आपल्या भागाची, बुटकी, वाऱ्याला टिकणारी. पील निवडताना तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं. रुंद पानांचं पाणपील नको, त्याचा कंद दुबळा असतो. आई, एक लेक, बाकीची पिलं दर महिन्याला कापा. पाणी अंघोळीचं चालेल, कपड्याच्या पावडरीचं नको. त्यातल्या सोड्यानं तांबडी माती वर्षभरात घट्ट होते.

पपई तैवान ७८६. गावठी बी लावलं तर निम्मी झाडं नर. जूनमध्ये लावू नका. पपईच्या बुंध्याशी दोन दिवस पाणी राहिलं की खेळ संपला. सप्टेंबरअखेर, उंचवट्यावर. पानं आखडून पिवळे ठिपके आणि फळावर गोल कडी दिसली तर तो विषाणू, औषध नाही, झाड उपटा.

आंब्यावर मी शब्द मागं घेतो. उशिराचा मुद्दा लक्षातच घेतला नव्हता. रत्नाच लावा.

---

परडं_अनगोळ

घरात पटलं, हापूस सोडून. ते मी बघतो. दोनच प्रश्न राहिले. सीताफळाला फूल येऊन फळ धरत नाही असं ऐकलंय, एकच झाड असेल तर? आणि लिंबाशेजारी कढीपत्ता आधीपासून आहे, राहू दे का?

---

टिकाव

सीताफळ एकटं चालतं, अडचण वेळेची आहे. त्याच फुलात आधी मादी भाग तयार होतो, पराग नंतर सुटतो. शेतात लहान भुंगे हे काम करतात, परड्यात ते कमी. संध्याकाळी पूर्ण उघडलेल्या, पराग सुटलेल्या फुलातले पिवळसर केसर कागदावर झाडून घ्या आणि डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, अर्धवट उघडलेल्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी जरा बाजूला करून चित्रकलेच्या बारीक ब्रशनं मधल्या उंचवट्यावर चहूबाजूंनी लावा. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं होतं. जून-जुलैत आठवड्यातून दोन सकाळी दहा-पंधरा फुलं केलीत तरी घरापुरती फळं होतात. पिठ्या ढेकूण मुंग्या वर चढवतात, म्हणून बुंध्याला जमिनीपासून फूटभर वर चिकट पट्टी बांधा.

कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. लिंबावरची सिट्रस सिला (रस शोषणारी कीड) आणि फुलपाखराची पानं खाणारी अळी त्यावरही राहते. लिंबावर फवारायचं आणि शेजारी तिला घर ठेवायचं असं होतं. शिवाय फवारलेलं औषध आमटीत नको. पूर्वेच्या टोकाला हलवा, मोठा झाला असेल तर मुळाशी फुटलेलं रोप काढून तिकडं लावा आणि जुना कापा.

बुंध्यांना मे अखेर बोर्डो पेस्ट लावायची विसरू नका: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच बादलीत, थंड झाल्यावर एकत्र. त्यात लोखंडी विळ्याचं टोक बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चिमूटभर घालत जा. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत, जोडासकट. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग नाही.

---

आढी

हापूससाठी घरात अडून बसले असतील तर एक वाट आहे. रत्नाचं झाड धरलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्याच एका बाजूच्या फांदीवर हापूसची काडी बांधून घ्या. बोटाएवढ्या फांदीवर, पाचर कलम, काडी पेन्सिलीएवढी आणि डोळे फुगलेली, प्लास्टिकची पट्टी आवळून वर लहान पिशवीची टोपी. पाऊस नसेल अशा दिवसांत करा. फांदी दक्षिणेची नको, घराच्या सावलीत जाईल.